विश्लेषण : मेंदू आधी मोठा झाला की माणूस आधी उभा राहिला? जावातल्या कवटीसाठी आयुष्य पणाला लावणारे यूजीन द्युबुआ कोण होते?

नेदरलँड्सच्या लायडन शहरातील नॅचरॅलिस संग्रहालयात असलेले २८ हजारांहून अधिक जीवाश्म इंडोनेशियाला परत देण्याचा निर्णय डच सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यातील बहुतेक जीवाश्म हरणे, हत्ती, रानरेडे, कासवे अशा प्राण्यांचे आहेत. पण या खजिन्यात कवटीचा वरचा भाग, एक दाढ आणि मांडीचे एक हाडही आहे. जगभरातील शालेय पुस्तकांत ‘जावा मानव’ म्हणून शिकवला जातो तो हाच. माणसाचा मेंदू कधी आणि कसा वाढला, या प्रश्नावर हातात घेऊन पाहता येईल असा पहिला पुरावा म्हणून या हाडांकडे पाहिले जाते.

ही हाडे शोधली यूजीन द्युबुआ या डच डॉक्टरने. अंदाज आला, सामान भरले आणि जहाजात बसून त्यांनी जग गाठले. थक्क करणारी बाब म्हणजे ज्याच्या शोधात ते निघाले होते ते त्यांना खरोखर सापडले. विज्ञानाच्या इतिहासात असे फार क्वचित घडते. त्यापुढची जवळपास ५० वर्षे मात्र या शोधाची किंमत चुकवण्यात गेली.

पक्की नोकरी सोडून सुमात्राला

द्युबुआ यांचा जन्म २८ जानेवारी १८५८ रोजी नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, आयस्डन या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते आणि गावचे महापौरही. घर कॅथलिक. मुलगा मात्र लहानपणापासून चुनखडीच्या टेकड्यांत जीवाश्म वेचत फिरायचा. त्यांच्या जन्मानंतर जवळपास दोन वर्षांनी डार्विन यांचे उत्क्रांतीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. म्हणजे द्युबुआ आणि उत्क्रांतीचा वाद जवळपास एकाच वयाचे.

१८७७ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी ॲमस्टरडॅमला गेले. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक माक्स फ्यूरब्रिंगर यांचे ते साहाय्यक झाले आणि १८८६ मध्ये अधिव्याख्याते. स्वरयंत्राच्या उत्क्रांतीवर त्यांचे काम सुरू होते. पण आपल्या संशोधनाचे श्रेय गुरूंच्या खात्यात जाते आहे, अशी शंका त्यांच्या मनात घर करून बसली. ही शंकेखोर वृत्ती पुढे आयुष्यभर त्यांचा पिच्छा सोडणार नव्हती.

त्या काळी मानवाचे प्राचीन अवशेष म्हणजे युरोपात मिळालेले निअँडरथल. पण निअँडरथलचा मेंदू आपल्याएवढाच मोठा. एका टोकाला चिंपांझी, दुसऱ्या टोकाला माणूस आणि मधली जागा रिकामी. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी तर या रिकाम्या जागेतील प्राण्याला सापडण्याआधीच नाव देऊन टाकले होते : पिथेकँथ्रोपस, म्हणजे वानरमानव. हेकेल यांच्या कल्पनेतला हा जीव दोन पायांवर चालणारा, पण वाचा नसलेला होता.

तो कुठे शोधायचा? डार्विन यांचा कल आफ्रिकेकडे होता. द्युबुआ यांनी वेगळा हिशेब मांडला. केस नसलेला माणूस उष्ण प्रदेशातच घडला असणार. गिबन आणि ओरांगउटान हे वानर आग्नेय आशियात आहेत. शिवाय भारतातील शिवालिक टेकड्यांत १९व्या शतकात पुरातन वानराचा जबडा मिळाला होता आणि तिथले प्राणी व जावातील जीवाश्म प्राणी यांत साम्य होते. म्हणजे शोध घ्यायचा तर डच ईस्ट इंडीजमध्ये, अर्थात आजच्या इंडोनेशियात. आज आपल्याला माहीत आहे की मानवाचा उगम आफ्रिकेतलाच. यातली बरीचशी गृहीतके चुकली होती, उत्तर मात्र कामाला आले.

मोहिमेसाठी पैसे मिळेनात. तेव्हा द्युबुआ यांनी वसाहतीच्या सैन्यात डॉक्टर म्हणून ८ वर्षांचा करार केला. प्राध्यापकपद हाताशी आलेला माणूस हे करतो आहे, याला सहकाऱ्यांनी वेडेपणाच ठरवले. २९ ऑक्टोबर १८८७ रोजी पत्नी ॲना आणि तान्ह्या मुलीसह ते जहाजात बसले. वय होते २९.

सोलो नदीचा काठ

सुमात्रात सुरुवात निराशेची झाली. रुग्णालयातील काम सांभाळून ते गुहा खणत. १८८९ मध्ये सरकारने त्यांच्या मदतीला लष्कराच्या अभियंता दलाची दोन माणसे आणि ५० वेठबिगार कैदी दिले. जंगल, मलेरिया, पळून जाणारे मजूर यांतून हाती लागले ते बहुतांशी अलीकडच्या काळातील प्राण्यांचे अवशेष. यातल्या लिडा आयेर गुहेतील दातांचे मोल कळायला २०१७ साल उजाडावे लागले. ते ६३ ते ७३ हजार वर्षांपूर्वीच्या आधुनिक मानवाचे असल्याचे त्या वर्षी जाहीर झाले. द्युबुआ शोधत होते ते हे नव्हते.

जावातील वाजाक येथे एक जुनी मानवी कवटी मिळाल्याचे कळल्यावर त्यांनी बदली मागून घेतली. १८९०पासून जावात उत्खनन सुरू झाले आणि १८९१ मध्ये सोलो नदीच्या काठी, त्रिनिल गावाजवळ मोर्चा वळला. नदीचे पाणी उतरले की काठाचे थर उघडे पडायचे. रोजची देखरेख क्रिले आणि द विंटर या अभियंता दलातील दोघांकडे होती. खोदणारे हात कैद्यांचे होते. कवटीवर पहिला घाव नेमका कोणाच्या हातून पडला याची नोंद कोणी ठेवली नाही. इंडोनेशियाने आज केलेल्या मागणीमागे हाही इतिहास आहे.

सप्टेंबर १८९१ मध्ये दाढ मिळाली. ऑक्टोबरमध्ये कवटीचा टोपीसारखा वरचा भाग मिळाला. तो लांबट, बसका, भुवयांवर जाड कंगोरा असलेला होता. द्युबुआ यांना आधी तो चिंपांझीसारख्या वानराचा वाटला. ऑगस्ट १८९२ मध्ये त्याच थरात, कवटीच्या जागेपासून १० ते १५ मीटरवर डाव्या मांडीचे हाड मिळाले आणि सगळे चित्र पालटले. कारण ते हाड थेट माणसाचे वाटावे इतके सरळ होते. हा प्राणी ताठ उभा राहून चालत असणार.

कवटीत मावणाऱ्या मेंदूचे आकारमान त्यांनी सुरुवातीला सुमारे १ हजार घन सेंटिमीटर धरले. पुढे आतला दगडासारखा घट्ट गाळ काढल्यावर ते ९००च्या आसपास आले. चिंपांझीचा मेंदू साधारण ४०० आणि आपला सरासरी १,३५० घन सेंटिमीटर. रिकाम्या जागेत अगदी मधोमध बसणारा आकडा!

१८९४ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात त्यांचा प्रबंध छापला गेला. प्राण्याचे नाव होते पिथेकँथ्रोपस इरेक्टस, ताठ चालणारा वानरमानव. हेकेल यांचे कल्पनेतले नाव द्युबुआ यांनी खऱ्या हाडांना दिले.

वाद नेमका कशावरून पेटला?

१८९५ मध्ये मायदेशी परतण्यापूर्वी द्युबुआ भारतात येऊन गेले. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील शिवालिकचे जीवाश्म त्यांनी पाहिले, शिवालिक भागातही फिरले. परतीच्या प्रवासात समुद्र खवळला तेव्हा मुलांना पत्नीवर सोपवून ते हाडांच्या पेटीजवळ जाऊन बसले, अशी एक आठवण सांगितली जाते.

युरोपात मात्र वेगळेच वादळ वाट पाहत होते. त्याच वर्षी लायडन येथील आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्र परिषदेत जर्मनीचे दिग्गज रुडॉल्फ फिरखो यांनी ही हाडे एका मोठ्या गिबनची असावीत, असे मत मांडले. ब्रिटनमधील अनेकांना कवटी माणसाचीच वाटली. द्युबुआ यांच्या बाजूने बोलणारे थोडेच होते, त्यात पॅरिसचे लेऑन्स मानुव्रिये आघाडीवर. कोणी वानर म्हणतो, कोणी माणूस म्हणतो. खरे तर तज्ज्ञांचा हा गोंधळच तो जीव अधलामधला असल्याची साक्ष देत होता.

गोष्ट फक्त एका प्राण्याच्या नावाची नव्हती. माणूस होण्याच्या प्रवासात आधी काय बदलले, हा खरा प्रश्न होता. बुद्धी हीच माणसाची ओळख, तेव्हा मेंदूच आधी वाढला असणार, असे मानणाऱ्यांचे वजन मोठे होते. त्रिनिलची हाडे उलट सांगत होती. पाय माणसाचे, मेंदू दोनतृतीयांश.

१९१२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘पिल्टडाउन मानव’ सापडल्याची घोषणा झाली. त्याची कवटी मोठी, जबडा वानराचा. मेंदू आधी, या मताला हवा तसा पुरावा मिळाला. तो बनावट होता, ओरांगउटानचा जबडा माणसाच्या कवटीला जोडला होता, हे उघड व्हायला १९५३ साल उजाडले. जावाच्या अस्सल कवटीवर शंका घेणाऱ्या काळाने ही नक्कल मात्र दीर्घकाळ डोक्यावर घेतली.

कुलूपबंद पेटी

द्युबुआ यांनी आधी हाडे सगळीकडे फिरवली. पॅरिस, लंडन, डब्लिन, एडिंबरा, बर्लिन. १८९७ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९००च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी पिथेकँथ्रोपसचा पूर्णाकृती पुतळा स्वतः घडवला.

मग चित्र बदलले. स्ट्रासबुर्गच्या गुस्ताव श्वाल्बे यांनी १८९९ मध्ये याच कवटीवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. द्युबुआ यांना वाटले, पुन्हा तेच. कष्ट आपले, नाव दुसऱ्याचे. त्यांनी हाडे हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात कुलूपबंद केली आणि अभ्यासकांना दार बंद झाले. घराच्या जमिनीखाली हाडे पुरल्याची अफवा तेव्हापासून फिरत राहिली. त्यात तथ्य नाही, पण अफवा पसरावी असे वागणे नक्कीच होते. अखेर अमेरिकेच्या हेन्री फेअरफिल्ड ऑसबर्न यांच्यासह अनेकांच्या दबावानंतर १९२३ मध्ये पेटी उघडली.

याचे समर्थन करता येत नाही. जगात एकच असलेला पुरावा दोन दशके दाबून ठेवणे म्हणजे प्रश्नच अडवून धरणे. आणि गंमत पाहा, या काळात द्युबुआ स्वतः गप्प नव्हते. ते मोजमापे करत होते, पण हाडांची नव्हे, मेंदूंची.

उंदीर, माणूस आणि ०.५६

इथे द्युबुआ यांचे दुसरे, फारसे माहीत नसलेले काम सुरू होते. कोणता प्राणी किती हुशार हे मेंदूच्या वजनावरून ठरवायचे, तर साडेचार-पाच किलोंचा मेंदू असलेला हत्ती आपल्यापुढे जातो. शरीराच्या तुलनेत मेंदू किती टक्के हे पाहिले, तर माणूस आणि घरातला उंदीर जवळपास सारखेच, दोघांचाही सुमारे २ टक्के. म्हणजे दोन्ही मापे कुचकामी.

द्युबुआ यांनी एकाच कुळातील लहान-मोठ्या सस्तन प्राण्यांच्या जोड्या घेतल्या. त्यांच्या लक्षात आले की शरीर दुप्पट झाले तरी मेंदू दुप्पट होत नाही, तो साधारण दीडपट होतो. गणिताच्या भाषेत मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या ०.५६ घाताच्या प्रमाणात वाढते. हा शरीराचा वाटा बाजूला काढला की उरतो तो गुणांक त्या प्राण्याची खरी मेंदूसमृद्धी सांगतो. जर्मनीच्या ओटो स्नेल यांनी थोडे आधी याच दिशेने विचार केला होता, पण १८९७पासून या विषयाचा पाया भक्कम केला तो द्युबुआ यांनी. आज जीवशास्त्रात वापरला जाणारा ‘एन्सेफलायझेशन कोशंट’ याच घराण्यातला. घातांक किती धरायचा यावर मात्र आजही एकमत नाही. कोणी दोनतृतीयांश धरतो, कोणी तीनचतुर्थांश.

इथवर सगळे ठीक होते. पण हे गुणांक मांडताना द्युबुआ यांना त्यात एक शिडी दिसू लागली. माणसाला १ धरले तर मोठे वानर पाव, बहुतेक मांसाहारी आणि खुरांचे प्राणी एकअष्टमांश, मग ससा, मग उंदीर, मग चिचुंद्री. प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. त्यांनी निष्कर्ष काढला की मेंदू हळूहळू वाढत नाही, त्यातील पेशींचे एक जादा विभाजन होते आणि तो एका उडीत दुप्पट होतो. त्यांचे शिक्षक राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द फ्रीस यांचाही उत्क्रांती उड्या मारत होते यावर विश्वास होता.

या शिडीत पाव आणि एक यांच्यामध्ये अर्धा ही पायरी रिकामी होती. तिथे कोण बसणार हे उघड होते. अडचण एवढीच की ९०० घन सेंटिमीटरचा मेंदू माणसाच्या वजनाच्या शरीरात ठेवला तर गुणांक येतो दोनतृतीयांश, अर्धा येत नाही. तो अर्धा यायला हवा असेल तर शरीर जड हवे. गणित सोडवून पाहिले तर ते माणसाच्या सुमारे १.६७ पट, म्हणजे शंभर किलोंच्या वर भरते. द्युबुआ यांनी नेमके तेच केले. पिथेकँथ्रोपसच्या शरीराची ठेवण गिबनसारखी, छाती आणि हात अवाढव्य असल्याचे त्यांनी मांडले आणि वजन शंभर किलोंपलीकडे नेले. समीकरण जुळले. आलेख सुंदर दिसावा म्हणून एखादा बिंदू सरकवण्याचा मोह किती जुना आहे, याचा हा नमुना.

पिथेकँथ्रोपस हा नुसता गिबन होता असे म्हणत द्युबुआ यांनी म्हातारपणी स्वतःचा शोध नाकारला, ही कथा पुढे अनेक पुस्तकांत शिरली. डच इतिहासकार बर्ट थ्युनिसेन आणि अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी मूळ लेखन तपासून ती खोडून काढली. गिबनची तुलना द्युबुआ करत होते ती आपल्या लाडक्या प्राण्याला माणसाच्या एक पायरी खाली, बरोबर मधल्या जागी पक्के बसवण्यासाठी.

शेवटची वर्षे

१९२९ मध्ये चीनमधील झोउकोउतियान येथे ‘पेकिंग मानवा’ची कवटी मिळाली. १९३७ मध्ये राल्फ फॉन क्योनिग्सवाल्ड यांना जावातच, सांगिरान येथे आणखी एक कवटी मिळाली. (तुकड्यागणिक पैसे देण्याचे त्यांनी कबूल केल्यामुळे स्थानिकांनी कवटीचे आणखी तुकडे केले, हा किस्सा या क्षेत्रात आजही सांगितला जातो.) दोन्ही कवट्या त्रिनिलच्या कवटीशी जुळत होत्या. दुसरा कोणी असता तर आनंदला असता. पन्नास वर्षांनी का होईना, शोध सिद्ध झाला होता.

द्युबुआ यांनी मात्र ही नाती धुडकावली. त्यांच्या मते पेकिंगचा जीव निअँडरथलच्या जवळचा माणूस होता आणि पिथेकँथ्रोपस एकच होता, त्यांचा. फॉन क्योनिग्सवाल्ड यांच्या कवटीच्या जुळणीवरच त्यांनी शंका घेतली आणि वाद कटुतेला गेला. १६ डिसेंबर १९४० रोजी, जर्मनीने व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये, हालेन येथील आपल्या इस्टेटीवर त्यांचे निधन झाले. वय ८२. दहा वर्षांनी, १९५० मध्ये अर्न्स्ट मायर यांनी जावा आणि पेकिंगचे अवशेष आपल्याच प्रजातीकुळात आणण्याचा प्रस्ताव मांडला. आता तो होमो इरेक्टस म्हणून ओळखला जातो.

आज काय माहीत आहे?

आधी पाय, मग मेंदू, हा त्रिनिलचा संकेत बरोबर ठरला. इथिओपियात १९७४ मध्ये मिळालेली ‘लुसी’ ३२ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत होती आणि तिच्या प्रजातीचा मेंदू वानरापेक्षा थोडाच मोठा होता. मेंदूची मोठी वाढ गेल्या २० लाख वर्षांतली. होमो इरेक्टसच्या कवट्या ६०० पासून १,१०० घन सेंटिमीटरपर्यंत मिळतात. त्यात मधली प्रत्येक मापे सापडतात, म्हणजे द्युबुआ यांची दुपटीची शिडी टिकली नाही. ही वाढ स्वस्तातली नाही. शरीराच्या २ टक्के वजनाचा मेंदू आपली सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. मांस, अवजारे, शिजवलेले अन्न यांपैकी कशाने हा खर्च भागवला, यावर वाद सुरू आहे.

वाढ एकाच दिशेने झाली असेही नाही. इंडोनेशियाच्याच फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये मिळालेल्या छोट्या मानवाचा मेंदू जेमतेम ४०० घन सेंटिमीटर होता आणि तरीही त्या परिसरात दगडी अवजारे मिळाली आहेत.

ज्या मांडीच्या हाडावरून द्युबुआ यांनी आपल्या प्राण्याला ताठ उभे केले, ते कवटीच्या काळाचे नसावे, बरेच नंतरच्या आधुनिक माणसाचे असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. लायडनच्या खोक्यांत १९३०च्या दशकात त्रिनिलची आणखी काही मांड्यांची हाडे मिळाली. त्यांतली बहुतेक होमो इरेक्टसशी अधिक जुळतात.

या खोक्यांत शिंपलेही होते. द्युबुआ यांनी १८९० च्या दशकात त्रिनिलहून गोड्या पाण्यातले शिंपले इतर जीवाश्मांसोबत पाठवले होते आणि त्यांकडे पुढे कोणी फारसे पाहिले नाही. २००७ मध्ये एका संशोधकाला त्यांच्या छायाचित्रांत एका शिंपल्यावर रेघा दिसल्या. तपासणीअंती २०१४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी, कोणीतरी धारदार वस्तूने, हात न उचलता, त्या शिंपल्यावर नागमोडी नक्षी कोरली होती. त्या काळी जावात होमो इरेक्टसखेरीज दुसरा कोणी मानव असल्याचा पुरावा नाही. आता हा शिंपलाही त्याच २८ हजारांच्या संग्रहाचा भाग आहे.